तीन हेडफोन आणि बाबांचे कान

मालाडच्या बाजारात, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. बाबांची गिरणी बंद पडली त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे नोकरीला लागले. वीस वर्षांची होते. लोक वहीच्या पानावर आवडत्या गाण्यांची यादी लिहून आणायचे आणि आम्ही ती गाणी रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. कोणाला आखातातल्या भावाला पाठवायची असायची, कोणाला बहिणीच्या हळदीत वाजवायची असायची, कोणाला नुसतीच हवी असायची. माझं अक्षर चांगलं म्हणून शेठने मला घेतलं. कॅसेटच्या कार्डावर गाण्यांची नावं मी लिहायचे. दुसरं काम काय ते नोकरी लागल्यावर कळलं. भरलेली प्रत्येक कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी हेडफोन लावून तपासायची. मध्येच आवाज तुटत नाही ना, एका कानात गाणं आणि दुसऱ्यात नुसतीच खरखर असं होत नाही ना, ते बघायचं.

दुकानात तीन हेडफोन होते. एक काळा, जड, कानांवर डब्यासारखा बसणारा. तो शेठच्या मेहुण्याने कुवेतहून आणला होता आणि शेठ त्याला कोणाला फार हात लावू द्यायचा नाही. दुसरा राखाडी, मधल्या वजनाचा, एका कानाची गादी फाटलेली. तिसरा म्हणजे पोलादाची एक पातळ पट्टी आणि दोन टोकांना नारिंगी स्पंजाच्या चकत्या. खिशातल्या छोट्या टेपबरोबर फुकट येतो तसला. माझ्या वाट्याला अर्थातच नारिंगी आला.

रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळायला एक जण होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, मालाडच्याच जुन्या गावठाणातला, ख्रिश्चन. त्यांच्या घरी सगळे मराठीच बोलायचे, फक्त त्या मराठीला एक वेगळा हेल होता. रविवारी आणि लग्नसराईत तो बॅन्डमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा. पहिले दोन आठवडे आम्ही कामापुरतं बोललो. मग एके दिवशी मी एक भरलेली कॅसेट परत केली आणि म्हटलं, "ह्यात तबला फार मागे गेलाय."

त्याने ती काळ्या हेडफोनवर ऐकली. "तबला आहे तिथेच आहे. तुझा हेडफोन त्याला खातोय. हे लाव."

मी काळा हेडफोन पहिल्यांदा लावला. बाजाराचा आवाज एकदम दार ओढून घेतल्यासारखा बंद झाला. भाजीवाले, रिक्षा, समोरच्या शिंप्याचं मशीन, सगळं गेलं. आणि त्या शांततेत तबल्याच्या डग्ग्यावर कोणीतरी तळहात घासला. थाप नव्हे, थापेच्या आधीचं ते घासणं. मी त्याच्याकडे बघितलं. तो हसला नाही. नुसती मान हलवली, म्हणजे ऐकलंस ना.

तिथून आमचा खेळ सुरू झाला. शेठ दुपारी जेवायला घरी जायचा तेव्हा गिऱ्हाईक कमी असायचं. एकाने डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने एखादं गाणं लावून तिन्ही हेडफोन आळीपाळीने ऐकवायचे. कुठला हेडफोन ते ओळखायचं, आणि त्या गाण्याला तो शोभतो की नाही ते सांगायचं. वजनावरून ओळखता येऊ नये म्हणून हेडफोन माझ्या डोक्यावर न ठेवता तो मागे उभा राहून हाताने माझ्या कानांपाशी धरायचा. त्याची बोटं मला कधी लागली नाहीत. पण ती किती जवळ आहेत ते मला डोळे मिटूनही कळायचं.

नाट्यगीतं राखाडीवर चांगली लागायची. गाणारा दोन पावलं पुढे येऊन उभा राहायचा आणि तान घेताना त्याचा गळा दिसल्यासारखा वाटायचा. लावणी मात्र राखाडीवर निम्मी व्हायची, ढोलकी कातडं ओलं झाल्यासारखी वाजायची. लावणीला काळाच हवा. त्या वेळच्या सिनेमातली नाचाची गाणी काळ्यावर इतकी घुमायची की शब्द बुडून जायचे, आणि नारिंगीवर लावली तर रिकाम्या डब्यात खडे हलवल्यासारखी. तो स्वतः जी ऐकायचा ती परदेशी वाद्यवृंदाची रेकॉर्ड मला आधी नुसता गलका वाटायची. "सगळं एकदम ऐकू नको," तो म्हणाला. "कोण कुठे बसलंय ते शोध. व्हायोलिनवाले डावीकडे आहेत. आता त्यांच्या मागे बघ, कोणीतरी गप्प बसलाय." मी शोधायचे. तीन-चार दिवसांनी मला तो मागे गप्प बसलेला माणूस सापडला. तो क्लॅरिओनेटवालाच होता, आपली पाळी येण्याची वाट बघणारा.

नारिंगीला आम्ही दोघं हसायचो. त्यात खालचा, घुमणारा आवाज जवळजवळ नव्हताच. घुंगरू, झांजा, सतारीच्या तारा, बायकांच्या आवाजातले स आणि श एवढेच त्यात टोकदार व्हायचे, इतके की थोड्या वेळाने कान दुखायचे.

आमचं घर बोरीवलीला. पूर्वेला, एका चार मजली इमारतीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा सिंधुदुर्गातल्या गावातून सोळाव्या वर्षी मुंबईला आले आणि सत्तावीस वर्षं एकाच गिरणीच्या साचेखात्यात राहिले. साचा म्हणजे माग. एका खात्यात शेकडो साचे एकदम चालायचे. तिथे माणूस माणसाच्या कानात ओरडला तरी ऐकू जात नसे, म्हणून सगळे ओठ हलवून आणि हातांच्या खुणांनी बोलायचे. त्या सत्तावीस वर्षांत बाबांचे कान गेले. पूर्ण नाही. ट्रकचा आवाज यायचा, दार आपटलेलं कळायचं. माणसांचं बोलणं मात्र त्यांना ऐकू कमी यायचं आणि दिसायचं जास्त. मिशीवाल्या माणसाशी बोलायचं ते टाळायचे. गिरणी बंद झाल्यावर त्यांना दहिसरला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात काम मिळालं, पण तिथले लोक खुणांनी बोलत नसत.

बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आई ओरडायची, मी ओरडायचे. आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांना माहीत असायची. माझा बारावीचा निकाल बाबांच्या आधी शेजारणीला कळला. बाबांच्या कानात हळू सांगावं असं काही असलं, तर ते आमच्या घरी सांगितलंच जात नसे.

हे मी त्याला एकदा दुकानात सांगितलं. सहजच, कार्डं लिहिता लिहिता. त्याने यंत्र थांबवलं आणि विचारलं, "कुठला आवाज येत नाही? वरचा की खालचा?"

"आवाजच येत नाही."

"असं नसतं गो. ट्रक ऐकू येतो म्हणालीस ना? मग खालचा येतो. वरचा गेलाय." त्याने शेल्फावरच्या नारिंगी हेडफोनकडे बघितलं आणि यंत्र परत सुरू केलं.

पुढच्या रविवारी तो सकाळी आमच्या घरी आला. शेठला विचारून तिन्ही हेडफोन कापडी पिशवीतून आणले होते, शिवाय त्याचा स्वतःचा टेपरेकॉर्डर आणि एक भजनाची कॅसेट. ती कोण्या भजनी मंडळाने आमच्याकडे भरायला दिलेली होती. आईने त्याला चहा दिला. त्याचं आडनाव तिने विचारलं, त्याने सांगितलं, आणि ती क्षणभर थांबून म्हणाली, "बिस्किटां घे."

बाबा खाटेवर बसले. त्यांना हे सगळं पोरखेळ वाटत होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने आधी काळा लावला. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि मोठ्याने म्हणाले, "पखवाज बरो वाजता. पण तो माका असोच आयकाक येता." मग राखाडी. बाबा जरा पुढे झुकले. "बुवा जवळ इलो," म्हणाले. जवळ आला, पण काय गातोय ते कळत नाही, असंही म्हणाले. शेवटी त्याने नारिंगी लावला आणि आवाज खूप वाढवला, इतका की स्पंजातून आम्हालाही चिरचिर ऐकू यायला लागली.

 बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते. थोड्या वेळाने ते वर आले आणि समोरासमोर थांबले, मधे वीतभर अंतर ठेवून. मग हलायला लागले. गावी असताना ते भजनात टाळ वाजवायचे हे मी आईकडून ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं.

"टाळ वाजतत," बाबा म्हणाले.

त्याने मान हलवली.

"माका वाटायचा, हल्लीचे लोक भजनात टाळ घेणतच नाय." बाबा माझ्याकडे वळले, मला विचारल्यासारखं. "दरवर्षी गणपतीत जावन बसतंय मी. माका वाटायचा, बंद केल्यानी."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदराने हात पुसले, जरी ते कोरडेच होते.

मग त्याने टेपमधली कॅसेट काढून कोरी घातली, लाल बटण आणि त्याच्या शेजारचं थांबवायचं बटण अशी दोन्ही एकदम दाबली, आणि छोटा माईक माझ्या हातात दिला. "आता तू बोल. टेप फिरणार नाही, पण तुझा आवाज त्यांच्या कानात जाईल. ओरडू नको. जसं माझ्याशी बोलतेस तसं."

 मी म्हटलं, "बाबा, साखर संपलीय. संध्याकाळी आणायला हवी."

"साखर संपलीय," बाबा म्हणाले. आणि मग, "तुझो आवाज असो आसा?"

मी परत काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. बाबा माझ्या ओठांकडे बघत नव्हते. लहानपणापासून ते बोलताना माझ्या ओठांकडे बघायचे, त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांकडे बघत होते. आईला माईक दिला तर ती आत पळाली. आम्ही तिघांनी आग्रह केल्यावर बाहेर आली, माईक तोंडापासून हातभर लांब धरला आणि म्हणाली, "आता उठा नि जेवूक बसा. आमटी निवता." बाबा हसायला लागले. पंचवीस वर्षांच्या संसारात तिचं हे वाक्य त्यांनी किती वेळा फक्त बघितलं असेल.

मी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर, नॅशनल पार्कच्या बाजूच्या टेकडीकडे बघत उभा होता, जणू तिथे काही महत्त्वाचं चाललंय. त्याच दिवशी मला कळलं की हा माणूस मला हवा आहे.

नारिंगी हेडफोन शेठने बाबांना ठेवून घ्यायला सांगितला, दुकानासाठी तसलाच दुसरा आणला. टेपरेकॉर्डर त्याचा स्वतःचा, तोही त्याने आमच्याकडेच ठेवला. म्हणाला, मला दुकानात आहेच की.

त्यानंतर सात-आठ महिने गेले. त्या दिवसांत काही घडलं असं नाही. आम्ही कॅसेट भरल्या, खेळ खेळलो, बाजारातून चालत स्टेशनपर्यंत बरोबर गेलो. कधी तो मला त्याच्या गावठाणातून फिरवून आणायचा. विहीर, क्रूस, कौलारू घरं, ओट्यावर वाळत घातलेली सुकी मासळी. त्याचं घर त्याने लांबूनच दाखवलं. आजही कोणी मला विचारलं की तुझ्या आयुष्यातला चांगला काळ कुठला, तर मी हेच महिने सांगेन, आणि पुढचा प्रश्न आला की काय घडलं तेव्हा, तर मला उत्तर देता येणार नाही.

एका दुपारी शेठ जेवायला गेल्यावर तो म्हणाला, "जहाजावर बॅन्डमध्ये जागा मिळालीय. प्रवाशांचं जहाज आहे. आठ महिन्यांचा करार."

"मग?"

"मग काय. जातोय. इथे लग्नात वाजवून काय होणार यार."

मी एक कार्ड लिहीत होते. ते पूर्ण केलं. दुसरं घेतलं.

"परत आल्यावर तुझ्या घरी येऊ का?" त्याने विचारलं. "हेडफोन घेऊन नाही. नुसता."

नुसता म्हणजे काय ते मला कळलं. "घरी विचारावं लागेल," मी म्हटलं.

"विचार ना. तुझे बाबा चांगले आहेत."

"चांगले आहेत. ऐकू येत नाही."

आम्ही दोघं हसलो. त्याचं हसू आधी थांबलं. "विचारलंस की मला लिही," तो म्हणाला. "काय म्हणाले ते."

तो गेला. पत्रं दुकानाच्या पत्त्यावर यायची, वेगवेगळ्या बंदरांचे शिक्के घेऊन. मी उत्तरं लिहायचे, बाबांच्या, दुकानाच्या, नव्या आलेल्या रेकॉर्डच्या बातम्या द्यायचे. तो विचारायचा, घरी बोललीस का. त्याला मी उत्तर द्यायचे नाही, दुसरं काहीतरी लिहायचे. बाबांना विचारायचं म्हणजे ओरडून विचारायचं, असं मी स्वतःला सांगायचे. माईक होता, हेडफोन होता, हे मला माहीत होतं. खरं म्हणजे जोवर विचारलं नाही तोवर कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि त्या न म्हटलेल्या नकारावर माझे दिवस बरे चालले होते.

पाचव्या महिन्यात पत्राऐवजी एक कॅसेट आली. त्याने जहाजावर स्वतः वाजवून भरलेली. तीन-चार नाचाच्या धुना, मग त्याचा आवाज, "हे काकांसाठी," म्हणजे बाबांसाठी, आणि एका भजनाची चाल. त्यानंतर काहीही न सांगता एक संथ धून, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. मी ती दुपारी दुकानात नव्या नारिंगीवर ऐकली. क्लॅरिओनेटच्या तोंडाशी थरथरणारी पत्ती तेवढी कानात टोचत राहिली. मग राखाडीवर. तो समोर उभा राहून वाजवत होता, जरा चेहरा वळवून. मग शेठच्या खणातला काळा काढला.

काळ्यावर क्लॅरिओनेटच्या खूप खाली एक घरघर होती. ती जहाजाची असावी. एकदा खुर्ची करकरली. आणि प्रत्येक ओळीच्या आधी तो श्वास घेत होता. नाकाने नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून, भुरकल्यासारखा. दुकानात तो कधीमधी वाजवून दाखवायचा तेव्हा मी कधी हे ऐकलं नव्हतं. मी कॅसेट मागे नेली. धून सोडून दिली आणि नुसते श्वास ऐकले. सतरा होते. शेठने परत येऊन गुजरातीत विचारलं, "शुं थयुं?" मी म्हटलं, आवाज तुटतोय का ते बघतेय.

त्या रविवारी आई मुलुंडला मावशीकडे गेली होती. दुपारची वेळ. बाबा खाटेवर नारिंगी हेडफोन लावून भजन ऐकत होते. मी टेप थांबवला, दोन्ही बटणं दाबली आणि माईक तोंडाजवळ घेतला. भिंतीपलीकडे शेजारणीचा कुकर वाजत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांशी कुजबुजले.

"बाबा, मला लग्न करायचंय. कोणाशी ते तुम्हाला माहीत आहे."

मला भीती वाटली की ते मोठ्याने काहीतरी बोलतील. आपला आवाज केवढा येतो ते त्यांना कळत नसे. पण बाबांनी भिंतीकडे एक नजर टाकली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, साचेखात्यात बोलायचे तसे. तोच ना, असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांची बोटं छातीसमोर धरून क्लॅरिओनेटवर फिरवल्यासारखी हलवली. मी मान हलवली. मग त्यांनी कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा खांदा असा हात नेला. मी परत मान हलवली.  बाबांनी हेडफोन काढला, नीट मिटला आणि उशाशी ठेवला.

तीन दिवस ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानात जायला निघाले तेव्हा दाराशी आले आणि ओठ हलवले. "लिही त्याला. आवशीक मी सांगतंय."

त्यांनी आईला कसं सांगितलं मला माहीत नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिने विचारलं, "मासे तरी खाता मां?" मी म्हटलं, खातो. "मगे निदान तेवढां तरी बरां," ती म्हणाली आणि परत भांडी घासायला लागली.

मी पत्र लिहिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मला नोकरी मिळाली होती, पण ते पत्र मी चार वेळा फाडलं. शेवटी तीनच ओळी लिहिल्या. बाबा हो म्हणाले आहेत. आईही. तू नुसता ये.

उत्तर यायला चार महिने लागले. मधल्या काळात त्याने जहाज सोडलं होतं आणि एका बंदराच्या गावी हॉटेलच्या बॅन्डमध्ये जागा घेतली होती, त्यामुळे माझं पत्र दोन-तीन ठिकाणी फिरून त्याच्याकडे पोचलं. त्याने दोन पानं लिहिली होती. त्याच हॉटेलात काम करणाऱ्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. ती मूळची गोव्याची. 'तू पाच पत्रं लिहिलीस,' त्याने लिहिलं होतं, 'एकातही घरचा उल्लेख नव्हता. मला वाटलं, हेच उत्तर आहे. मी परत विचारायला हवं होतं.' शेवटी लिहिलं होतं की टेपरेकॉर्डर काकांनाच राहू दे.

मी ते पत्र दुकानात वाचलं आणि मग त्या दिवसाच्या राहिलेल्या अकरा कॅसेट तपासल्या. एकीत मध्येच आवाज तुटला होता. ती परत भरायला दिली.

घरी मी कोणाला सांगितलं नाही. आठवड्याभराने बाबा दारात बसून भाजी निवडत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, या वेळी आवाजात, पण त्यांना जमेल तेवढ्या हळू, "किती उशीर झालो?"

मी पाच बोटं दाखवली, न विचारता घालवलेल्या पाच महिन्यांची.

"मीच विचारूक होया होता," ते म्हणाले. "आयकाक नाय येणा, पण दिसत होता माका." त्यांनी एक देठ मोडला आणि बाजूला टाकला. "त्या रविवारीच दिसला."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि भाजी निवडू लागले.

दुकानात मी आणखी वर्षभर होते. दुपारी शेठ जेवायला गेला की मी तिन्ही हेडफोन समोर ठेवायचे, पण एकट्याने तो खेळ होत नाही. आपणच लावलेला हेडफोन आपल्याला ओळखायचा नसतो. यंत्रावर नवा माणूस आला होता, चांगला होता, मुलुंडहून यायचा, सगळी गाणी काळ्यावरच ऐकायचा. ती कॅसेट मी फार ऐकली नाही. ऐकली की श्वास मोजायला लागायचे.

एका संध्याकाळी, अजून उजेड होता, मी स्टेशनकडे न वळता गावठाणाच्या रस्त्याला लागले.  विहिरीपाशी बायका धुणं आवरत होत्या. त्याचं घर मला लांबूनच माहीत होतं, त्या दिवशी मी जवळ गेले. ओट्यावर त्याची आई सुकवलेले बोंबील गोळा करून पाटीत भरत होती. मला तिथे उभी राहिलेली बघून तिने विचारलं, "कोण पाहिजे गो?"

"रस्ता चुकले," मी म्हटलं.

"स्टेशनला जायचंय? मग पार उलटी आलीस." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दमलेली दिसतेस. बस जरा. पाणी देते."

ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी ओट्याच्या कडेला बसून पाणी प्यायले. तिचे डोळे त्याच्यासारखे होते, जरा अर्धवट मिटलेले. तिने विचारलं नोकरी करतेस का, मी हो म्हटलं. लग्न झालंय का, मी नाही म्हटलं. कुठे नोकरी करतेस ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

"माझा मुलगा पण बाहेर असतो," ती म्हणाली. "फार लांब. बाजा वाजवतो. लग्न तिथेच केलं, फोटो पाठवलाय." तिने बोंबलाचं एक डोकं मोडून मांजरीपुढे टाकलं. "पहिले तो सकाळी या ओट्यावर बसून वाजवायचा. शेजारी बोलायचे, काय कटकट. आता तेच विचारतात, कधी येणार तुझा पोरगा."

"कधी येणार?" मी विचारलं.

"पुढच्या नाताळला, म्हणतो. मागच्या नाताळला पण तेच म्हणत होता."

बोंबील वेचायचे अजून बरेच राहिले होते. मी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने गोळा करायला लागले. तिने नको म्हटलं नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत आम्ही दोघी पाटी भरत राहिलो. मग तिने मला स्टेशनचा रस्ता नीट समजावून सांगितला, डावीकडे क्रूस, मग सरळ. मी तो आधीपासून माहीत असल्याचं न दाखवता शेवटपर्यंत ऐकून घेतला.